पूर आल्यावर जिल्ह्यात शेवटचा शब्द कोणाचा?

पूर आला की पोलीस, महसूल, पाटबंधारे, एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) यांच्यात कोण कोणाचं ऐकतं, असं तुम्ही विचारलंय. जिल्ह्यापुरता शब्द जिल्हाधिकाऱ्यांचा. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच. सगळ्या खात्यांना कामाला लावू शकतात, गरज पडली तर खासगी वाहनंही ताब्यात घेता येतात. एनडीआरएफची तुकडी आली तरी कुठल्या गावात आधी जायचं हे जिल्हा प्रशासनच सांगतं.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका. हे आकडे तिथे पोराटोरांनाही पाठ असतात, त्यामुळे गाव हलवणं सोपं जातं.

खरी गाठ सांगलीतून वाहणाऱ्या कृष्णेवर बसते. वरच्या कोयना धरणाचा विसर्ग महाराष्ट्राचा जलसंपदा विभाग ठरवतो, खालच्या अलमट्टी धरणाचा कर्नाटक. तिथे सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम चालत नाही, म्हणून पावसाळाभर दोन्हीकडच्या अभियंत्यांनी रोज एकमेकांशी बोलत राहणं फार महत्त्वाचं.

आणि बोटी, लाइफ जॅकेट पूर येण्याआधीच गावात हवीत. 2019 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोटच उलटली, माणसं गेली. तुमच्या ग्रामपंचायतीत बोट कुठे आहे आणि ती चालवतं कोण, हे मे महिन्यातच विचारा.