कबड्डी खेळताना गुडघा सोलला तर मैदानावरची माती लावावी का?

अजिबात नको. आमच्या यवतमाळकडे पोट्टं पडलं की लगेच काळी माती, नाहीतर तंबाखू-चुना चोळतात. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात, शेणखताच्या मातीत तर जास्तच. जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने पाचेक मिनिटं धुवा, कडेने साबण लावा, रक्त थांबेपर्यंत स्वच्छ कापडाने दाबून धरा, मग पट्टी. पट्टी बांधणाऱ्याने हातमोजे घालावेत (नसतील तर हाताला स्वच्छ पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, गुंडाळा). रक्त वाहतंय तोवर खेळाडू मैदानाबाहेरच. जखम खोल किंवा मातकट असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं झाली असतील, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. आणि हो, अख्ख्या टीमला एकच दुपट्टा पुसायला देणं बंद करा. गळवं अशीच पसरतात.