खासगीत कानाची तपासणी करून श्रवणयंत्र घ्यायचं असेल तर काय बघून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की वय ५४ आहे, समोरच्याचा आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, आणि आता स्वतःच्या खर्चाने तपासून मशीन घ्यायचंय, तर कोणतं मॉडेल घ्यावं. मॉडेलचं नंतर बघू. मी सहा वर्षांपूर्वी दोन्ही कानांसाठी यंत्रं घेतली, आणि त्यातलं पहिलं दीड वर्ष ती कपाटाच्या खणात पडून होती.

चूक माझीच. ऑफिसच्या मीटिंगमध्ये न कळता मान डोलावण्याचा कंटाळा आला होता, म्हणून जाहिरात बघून एका दुकानात गेले. मागच्या खोलीत, पंखा सुरू असताना हेडफोन लावून तपासणी. मधे दोनदा कुणीतरी दार उघडून काहीतरी विचारून गेलं. वीस मिनिटांत यंत्रं कानात आणि पावती हातात! घरी आल्यावर माझाच आवाज मला घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा यायला लागला. सगळं मोठ्याने ऐकू येत होतं, पण शब्द तसेच पुसट. तक्रार केली तर ‘सवय होईल’ म्हणाले.

दीड वर्षाने बहिणीने ओढून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे नेलं. तुम्ही सुरुवातच तिथून करा. मळ साठलाय का, पडद्याला भोक आहे का, मधल्या कानात पाणी आहे का, हे मशीन विकणारा बघेलच असं नाही, आणि यातल्या काही गोष्टी उपचारांनी बऱ्या होतात. एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, एकाच कानात गुंई आवाज येत असेल किंवा चक्कर येत असेल तर डॉक्टर टाळूच नका. आणि एखादा कान एक-दोन दिवसांत अचानक बंद झाला असेल तर हे उत्तर वाचणं सोडून आजच जा. त्यावर स्टिरॉइडचे उपचार असतात आणि पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच त्यांची आशा जास्त.

मग ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून यंत्र जुळवून देणारा तज्ज्ञ. खरी तपासणी आवाजबंद खोलीत होते. सूर ऐकू आला की बटण दाबायचं, अगदी पुसटसा वाटला तरी. साधारण २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर देतात. मग कानामागच्या हाडावर एक छोटा ठोकळा टेकवून तेच पुन्हा करतात. हा दुसरा भाग कुणी गाळत असेल तर विचारा. हाडावाटे नीट ऐकू येतंय आणि हवेवाटे येत नाही, म्हणजे अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे. दोन्हीकडून सारखंच कमी असेल तर दोष आतल्या कानाचा किंवा नसेचा. तिसरा भाग शब्दांचा: पुरेशा मोठ्या आवाजात शब्द ऐकवतात आणि तुम्ही ते म्हणून दाखवायचे. आवाज वाढवूनही शब्द चुकत असतील तर यंत्राकडून किती अपेक्षा ठेवायची ते इथेच कळतं.

ऑडिओग्रामची, म्हणजे या तपासणीच्या आलेखाची, प्रत मागून घ्या, तो कागद तुमचा आहे. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. डावीकडून उजवीकडे सूर चढत जातो, आणि खूण जितकी खाली तितका आवाज मोठा करावा लागला. माझी रेघ १००० पर्यंत जवळजवळ सपाट होती आणि २००० नंतर घाट उतरावा तशी खाली गेली होती. तुमचं ‘ऐकू येतं पण कळत नाही’ बहुतेक असंच असावं. स्वरांचा जोर खालच्या सुरांत असतो, तर स, त, फ, क यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या सुरांत. त्यामुळे ‘ताट’, ‘पाट’, ‘काट’ सगळे एकच वाटतात. घरच्यांना वाटतं, हिला हवं ते बरोबर ऐकू येतं.

आता मुख्य गोष्ट. त्या ऑडिओलॉजिस्टने मला नवीन काही विकलं नाही. माझीच जुनी यंत्रं कॉम्प्युटरला जोडली. एक केसाएवढी मऊ नळी कानात पडद्याच्या जवळपर्यंत सरकवली, वर यंत्र बसवलं आणि स्पीकरवर बोलण्याचा आवाज लावला. यंत्रातून पडद्याशी खरोखर किती आवाज पोचतोय ते स्क्रीनवर दिसत होतं. माझ्या ऑडिओग्रामवरून काढलेली एक रेघ, प्रत्यक्षातली दुसरी. २००० च्या पुढे दुसरी रेघ बरीच खाली लोळत होती. म्हणजे जिथे मला गरज होती तिथेच यंत्र गप्प होतं. दुकानदाराने कंपनीच्या सॉफ्टवेअरने सुचवलेलं तसंच ठेवलं होतं. शिवाय कानात जाणारं रबरी टोपण बंद प्रकारचं होतं. माझे खालचे सूर चांगले असल्याने तिथे उघडं, भोकांचं टोपण हवं होतं, घागर त्यामुळेच. टोपण बदललं, वरचे सूर वाढवले. यंत्र तेच.

या मोजणीला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. फोनवरच विचारा, ‘तुमच्याकडे हे करता का?’ समोरचा गोंधळला तर दुसरीकडे फोन लावा. पैसे देण्याआधी आणखी तीन गोष्टी लेखी घ्या: किती दिवसांत परत करता येतं, पुढच्या किती जुळवण्या किमतीत धरल्या आहेत, आणि सॉफ्टवेअर ‘लॉक’ आहे का. लॉक असलेलं यंत्र विकणाऱ्याच्याच साखळीत जुळवता येतं. माझं तसं असतं तर अजून खणातच असतं.

मॉडेल म्हणाल तर ऐकू येणं किती कमी झालंय, बोटं किती चालतात आणि कान किती ओला राहतो यावर ठरतं. अगदी आत बसणारं दिसत नाही, पण सेल इवलासा आणि मळ लवकर भरतो. बोटं थरथरत असतील तर चार्जिंगचं घ्या. ‘इतके चॅनल’, ‘तितके चॅनल’ (म्हणजे यंत्र आवाजाचे किती पट्टे पाडतं) यावर मी तरी पैसे वाढवणार नाही. दोन्ही कान कमी असतील तर दोन्हींना घ्या. हाक कुठून आली ते एका कानावर नीट कळत नाही.

सुरुवातीला नळाचं पाणी, कागदाची सळसळ, स्वतःची पावलं अंगावर येतील. रोज लावा, नाहीतर मेंदूला त्यांची सवयच होत नाही. मला महिनाभर लागला. तोवर जे खटकेल ते वहीत लिहून पुढच्या भेटीला न्या. ‘बरं नाही वाटत’ यावरून ऑडिओलॉजिस्ट काय जुळवणार? ‘वाटी ठेवली की डोक्यात जातं’ यावरून जुळवता येतं.

रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवा. आणि एखाद्या सकाळी ते एकदम मुकं झालं तर घाबरून धावू नका, आधी टोकावरची मळाची जाळी बदला. माझं आजवर तीनदा ‘बिघडलं’, त्यात दोनदा मळच होता.