‘हा ऑटिझम असेल का?’ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ऑटिझमबद्दल वाचायला लागल्यापासून धाकट्या दिरांकडे मी वेगळ्याच नजरेने बघतेय. वय 34. पीएमपी बसचे मार्ग तोंडपाठ, पाहुणे आले की खोलीत जाऊन बसतात, नजरेला नजर देत नाहीत, गणपतीत ढोल सुरू झाले की कानावर उशी. ही लक्षणं आहेत का? सासूबाईंशी बोलू का? (एक वहिनी, कोथरूड)

उत्तर : यातल्या कुठल्याही एका गोष्टीवरून काहीच ठरत नाही. पाहुण्यांना वैतागणारं माणूस कोथरूडमध्ये घरटी एक निघेल, आणि पथक खिडकीखाली उभं राहिलं तर उशी कोणीही घेईल.

2013 साली आलेल्या डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेत ऑटिझमच्या निकषांचे दोन गट आहेत. पहिला माणसांशी होणाऱ्या देवाणघेवाणीचा : गप्पांची ये-जा, हावभाव आणि नजर, नाती जुळवणं-टिकवणं. या तिन्हींत अडचण दिसावी लागते. दुसऱ्या गटातल्या चारपैकी किमान दोन गोष्टी हव्यात : त्याच त्या हालचाली किंवा बोलणं, ठरलेल्या क्रमाचा आग्रह, एखाद्या विषयात पार बुडून जाणं, आणि आवाज-स्पर्श-वास-प्रकाश यांचा फार जास्त किंवा फार कमी त्रास. शिवाय हे सगळं लहानपणापासून असावं लागतं आणि त्याने रोजचं जगणं अडावं लागतं. तिशीत नोकरी गेल्यावर अबोल झालेल्या माणसाचं कारण बहुधा दुसरीकडे सापडतं.

आता दिरांकडे पुन्हा बघा. बसचे मार्ग पाठ आहेत, असू देत. तुम्ही मध्येच ‘आज फार दमले हो भाऊजी’ म्हणालात, तर ‘का, काय झालं?’ असं येतं, की स्वारगेटची बस तशीच पुढे जाते? कोणी ‘या एकदा निवांत’ म्हटलं तर ते कुठल्या रविवारी, असं विचारतात का? (आपल्या पुण्यात या वाक्याने निरोप घेतात, हे कोणी शिकवत नाही, आपोआप उमगावं लागतं.) भाजी त्यांना नको असते ती चवीमुळे, की तोंडात लागणाऱ्या बुळबुळीतपणामुळे? शर्टाचं मानेवरचं लेबल कापूनच घालतात का? रोजचा रस्ता बंद असला तर नुसती चिडचिड होते, की पुढचा अख्खा दिवसच विस्कटतो?

नजरेवर फार भिस्त ठेवू नका. बरीच ऑटिस्टिक माणसं समोरच्याच्या भुवयांकडे बघायची सवय लावून घेतात, काय बोलायचं ते आधी मनात घोकतात, हसायचं कधी ते इतरांकडे बघून ठरवतात. काही बायका तर हे इतकं बेमालूम करतात की निदान व्हायला कधी कधी चाळिशी उजाडते. या कसरतीचा थकवा नंतर दिसतो, म्हणून लग्नातले तीन तास बघण्यापेक्षा दुसरा दिवस बघा : अंधाऱ्या खोलीत पडून राहणं, शब्द न सुचणं, जेवणही नको वाटणं.

गफलत होते ती सारख्या दिसणाऱ्या गोष्टींमुळे. लाजाळू माणूस ओळख वाढली की खुलतो. सोशल अँग्झायटीत (चारचौघांत वावरायची भीती) ‘लोक काय म्हणतील’ ही धास्ती मुळाशी असते. ओसीडीतली (तेच ते विचार आणि कृती भाग पाडणारा विकार) कृती माणसाला स्वतःलाच नकोशी असते, तर ऑटिझममधला ठरलेला क्रम बहुतेकदा दिलासा देतो. एडीएचडीत (लक्ष टिकत नाही, चंचलता असते) लक्ष निसटल्यामुळे संवाद तुटतो. यातलं काही ऑटिझमच्या जोडीनेही असू शकतं, त्यामुळे घरबसल्या निकाल लावू नका.

सासूबाईंशी आत्ता बोलू नका. दिरांना स्वतःला त्रास जाणवत असेल आणि त्यांनी विषय काढला, तर एक्यू-10 ही दहा प्रश्नांची चाळणी आहे. सहा किंवा जास्त गुण आले तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून सविस्तर तपासणी करावी. गुण म्हणजे निदान नव्हे. आईच्या आठवणी आणि शाळेची प्रगतिपुस्तकं तेव्हा लागतील, तीही दिरांच्या संमतीने. तोवर पाहुणे कोण, किती वाजता, किती वेळ, हे आदल्या दिवशी सांगा, आणि ‘पंधरा मिनिटं बसून उठलात तरी चालेल’ हेही.

प्रश्न : हिंजवडीत माझ्या टीममधला एक जण कामात पक्का, पण मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत ‘हे चुकलंय’ म्हणतो. जागा बदलली तर दोन दिवस काम ठप्प. त्याला ऑटिझम आहे का, हे विचारू का? (एक टीम लीड)

उत्तर : विचारू नका. तुम्हाला निदानाची गरजच नाही. ‘जरा लवकर दे’ऐवजी ‘गुरुवारी दुपारी 4 पर्यंत, फक्त पहिला भाग’ असं लिहून द्या. तोंडी पाच सूचना एका दमात दिल्या की तिसरीपासून पुढच्या हरवतात, आणि मग आपण त्याला बेफिकीर ठरवतो. मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी पाठवा. जागा बदलायचीच असेल तर आठवडाभर आधी सांगून नवी जागा दाखवा, पँट्री आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून लांबची. ‘जरा प्रोफेशनल राहा’ यातून त्याला काहीच कळत नाही. ‘क्लायंट असताना चूक दिसली तर मला चॅटवर लिही’ यातून कळतं. हे बदल सगळ्या टीमसाठी करा, म्हणजे तो एकटा उठून दिसणार नाही. त्याने आपणहून निदान सांगितलं तर ते तुमच्यापाशीच ठेवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे.

प्रश्न : नातू 20 महिन्यांचा. हाक मारली तर बघत नाही. ‘मुलगे उशिराच बोलतात’ असं सगळे म्हणतात. थांबू का? (आजी, सदाशिव पेठ)

उत्तर : थांबू नका, आजी. बोलण्याआधी बोट बघा : भूभू दिसला की तो बोट दाखवून तुमच्याकडे वळून बघतो का? की हवं ते मिळवायला तुमचा हात धरून नेतो, पण चेहऱ्याकडे बघत नाही? हाकेची परीक्षा पाठीमागून, साध्या आवाजात, टाळी न वाजवता, दिवसातून वेगवेगळ्या वेळी घ्या. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट-आर ही वीस प्रश्नांची चाळणी बालरोगतज्ज्ञ करून घेतात. 3 ते 7 गुण आले तर पुढचे प्रश्न विचारतात, 8 किंवा जास्त आले तर थेट तपासणीला पाठवतात. आधी कानांची तपासणी करून घ्या, गरज पडली तर बेरा (आवाजाला मेंदूचा प्रतिसाद मोजणारी) चाचणीसह. डॉक्टरांकडे जाताना मोबाइलवर दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ न्या : जेवताना, खेळताना, हाक मारल्यावर. दवाखान्यात पोर रडून गोंधळ घालतं आणि नेमकं दाखवायचं तेच राहून जातं.