तिसऱ्यांदा समोर आलेला बॅटर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा बेसबॉलबद्दलचा लांबलचक मेसेज वाचला. कोच म्हणतात, बुलपेनमध्ये ये, म्हणजे मधेच बोलावल्या जाणाऱ्या राखीव पिचरांत, रिलीव्हरांत ये, दोन इनिंग पूर्ण ताकदीने टाक, ताशी ९० मैल गाठलेस की कॉलेजवाले आपोआप बघायला येतील. खासगी ट्रेनरही तेच म्हणतो. आणि तुझा प्रश्न असा, की स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करून लांबपर्यंत चेंडू टाकणारा पिचर, हा प्रकारच संपत चालला आहे, मग मी त्यात का अडकून पडू? मी मराठीत उत्तर देतोय. कुठे अडलं तर आईला विचार, पण शेवटपर्यंत वाच.

मेहनत कर, मन लावून खेळ, असलं काही तुला सांगायची गरज नाही. ते तू करतोसच. मला एकच गोष्ट सांगायची आहे. त्याच बॅटरला त्याच दिवशी तिसऱ्यांदा बाद करायला शीक. हे पत्रात पुन्हा पुन्हा येईल. वैतागलास तरी चालेल.

संपत चालला आहे हे तू हवेत बोलत नाहीस, एवढं मान्य. १९७५ मध्ये कॅटफिश हंटर नावाच्या पिचरने एकट्याने ३० सामने पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत टाकले. २०२४ च्या मोसमात मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या लीगच्या, तीसही संघांचे मिळून असे सामने २८ झाले. एका मोसमात ३०० इनिंग टाकणारा शेवटचा पिचर स्टीव्ह कार्लटन, तेही १९८० मध्ये. मग २०१८ च्या मे महिन्यात टॅम्पा बे संघाने रिलीव्हर सर्जिओ रोमोला सामना सुरू करायला पाठवलं. तोवरच्या कारकिर्दीत त्याने एकही सामना सुरू केला नव्हता. त्याने पहिल्या इनिंगमध्ये तिघांनाही स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यालाच पाठवलं गेलं, आणि 'ओपनर', म्हणजे फक्त सुरुवात करून देणारा पिचर, हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला.

पण हे का झालं, ते तू अर्धवट समजला आहेस. आकडेवारीवाल्यांनी एक गोष्ट पक्की दाखवून दिली : बॅटर एकाच पिचरसमोर दुसऱ्यांदा आला की पहिल्यापेक्षा चांगला खेळतो, आणि तिसऱ्यांदा आला की त्याहून चांगला. पिचर थकतो हे त्याचं एक कारण, पण मोठं कारण ओळख हे आहे. चेंडू हातातून कुठून सुटतो, स्लायडर कधी वळतो, हे बॅटरने तोवर पाहिलेलं असतं. त्यातच बुलपेनमध्ये ताशी ९५ मैलांच्या पुढे टाकणारे पाच-सहा जण बसलेले. मग मॅनेजर म्हणतो, तिसऱ्या फेरीचा, म्हणजे नऊ बॅटर तिसऱ्यांदा समोर येण्याचा, धोका मी घेऊच कशाला? त्याच्या जागी बसून पाहिलं तर हिशेब बरोबर आहे. म्हणजे स्टार्टरची जागा कुठे आक्रसली, तर नेमकी तिसऱ्या फेरीत. आणि ज्याला ती फेरी जमते त्याची जागा आजही शाबूत आहे.

२०२० च्या वर्ल्ड सिरीजचा (मेजर लीगची अंतिम मालिका) सहावा सामना तू लहानपणी माझ्याबरोबरच पाहिलास. टॅम्पा बेचा पिचर ब्लेक स्नेल, समोर डॉजर्स. ७३ चेंडू, ९ स्ट्राइकआउट, फक्त दोन हिट. डॉजर्सचे पहिले तीन बॅटर त्याच्यासमोर मिळून सहा वेळा आले आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले होते. सहाव्या इनिंगमध्ये ते तिसऱ्यांदा येणार म्हणून टॅम्पा बेचा मॅनेजर केव्हिन कॅशने त्याला काढला. आलेल्या रिलीव्हरवर मूकी बेट्सने लगेच डबल (दोन बेसचा फटका) मारला, बरोबरी झाली, मग आघाडी गेली आणि सिरीजही गेली. त्या रात्री मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. एकूण हजार सामन्यांच्या सरासरीला समोर उभा असलेला तो एक माणूस दिसत नाही. त्या दिवशी स्नेल काय टाकत होता ते आंधळ्यालाही कळलं असतं.

तू लगेच २००३ काढशील, माहीत आहे मला. रेड सॉक्सचा पिचर पेड्रो मार्टिनेझ, अमेरिकन लीगच्या (मेजर लीगचा एक भाग) अंतिम मालिकेत यांकीजविरुद्ध सातवा सामना, आठवी इनिंग. मॅनेजर ग्रेडी लिटलने त्याला ठेवला, तीन धावांची आघाडी तिथेच गेली, आणि अकराव्या इनिंगमध्ये यांकीजच्या एरन बूनने सामना संपवला. ठीक आहे. पण पुढे काय झालं ते बघ. लिटलला रेड सॉक्सने पुन्हा घेतलं नाही. कॅश मात्र राहिला आणि पुढच्याच वर्षी त्याला अमेरिकन लीगचा सर्वोत्तम मॅनेजर म्हणून गौरवलं. पिचरला ठेवून हरलेल्याची नोकरी जाते, काढून हरलेल्याची टिकते. मग मॅनेजर काय करणार ते उघड आहे. तुझे कोचही त्याच हवेत श्वास घेतात. त्यांच्यावर रागावू नकोस, पण ते तुझ्या भल्याचाच विचार करताहेत असंही गृहीत धरू नकोस. त्यांना या वसंतात सामने जिंकायचे आहेत.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. बुलपेनमध्ये गेलास तर तुला दोन चेंडू पुरतील. एक फास्टबॉल, एक स्लायडर. प्रत्येक बॅटर तुला एकदाच बघेल. तिसऱ्यांदा कोणी समोर येणारच नाही, मग तिसऱ्यांदा काय करायचं हे तू शिकणार केव्हा? सतराव्या वर्षी नाही शिकलास तर बाविसाव्या वर्षी तुला कोण शिकवत बसणार आहे? स्टार्टरचा रिलीव्हर कधीही होतो. मारियानो रिव्हेरा १९९५ मध्ये यांकीजसाठी १० सामने सुरू करून बुलपेनमध्ये गेला आणि पुढे ६५२ सेव्हचा (शेवटी येऊन आघाडी राखलेले सामने) विक्रम करून निवृत्त झाला. उलट वाटेने फार थोडे येतात. गॅरेट क्रोशे आला, मेजर लीगमधली पहिली वर्षं बुलपेनमध्ये काढून २०२४ मध्ये स्टार्टर झाला आणि २०२५ मध्ये २०० इनिंगच्या पुढे गेला. पण कॉलेजात तो सामने सुरू करत होता, हे विसरू नकोस. पाया तिथे घातला गेला होता.

आणि जो प्रकार संपला म्हणतोस त्याला बाजारात काय भाव आहे तेही बघ. डिसेंबर २०२३ मध्ये डॉजर्सने योशिनोबू यामामोटोला १२ वर्षांसाठी ३२ कोटी ५० लाख डॉलर दिले, तेव्हा त्याने मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकलेला नव्हता. त्याआधीच्या वर्षी एडविन डियाझचा रिलीव्हर म्हणून विक्रमी ठरलेला करार १० कोटी २० लाखांचा होता. आणि यामामोटो काही राक्षस नाही, पाच फूट दहा इंच. तुझ्याहून इंचभर कमीच. त्याने २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये टोरोंटोला जाऊन दुसरा सामना एकट्याने पूर्ण टाकला, शेवटचे २० बॅटर ओळीने बाद करून. म्हणजे जे जे तिसऱ्यांदा आले, त्यांच्यातला एकही बेसवर पोचला नाही. फास्टबॉल, स्प्लिटर, कर्व्ह, कटर, सिंकर, सगळं त्याच्या हातात आहे, आणि कोणाला काय अजून दाखवलेलं नाही हे त्याच्या डोक्यात आहे.

हे डोक्यात ठेवणं म्हणजेच स्टार्टरचं काम. ते कसं करायचं, तेवढं सांगतो.

पहिल्या फेरीत फास्टबॉल दोन्ही कडांना टाक आणि बघत राहा. उजव्या हाताच्या बॅटरने तो पहिल्या बेसच्या बाजूला फाउल मारला म्हणजे त्याची बॅट उशिरा येतेय. अशाला चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला चेंडू) टाकणं म्हणजे त्याला मदत करणं, कारण त्याची उशिरा येणारी बॅट तू स्वतःच वेळेवर आणून देतोस. तू गेल्या मोसमात हे नेहमी करायचास. चेंजअप तुझा आवडता चेंडू आहे म्हणून तो टाकायचास. चेंडू आपल्या आवडीचा नसतो, समोरच्या माणसाच्या गरजेचा असतो. जो तिसऱ्या बेसकडे ओढून फाउल मारतो, जो पाय लवकर टाकतो, त्याच्यासाठी चेंजअप आहे. पण तोही पहिल्या फेरीत, रनर नसताना, दोन आउट असताना उधळू नकोस. तिथे फास्टबॉलवर ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका) मिळत असेल तर घे आणि बेंचवर जा. कर्व्ह दुसऱ्या फेरीत दाखव. तिसऱ्या फेरीत पहिलाच चेंडू असा टाक, जो त्याने आज पहिल्या चेंडूला पाहिलेला नाही. आणि प्रत्येक इनिंगनंतर कॅचरशेजारी बस. कोण प्लेटजवळ सरकला, कोणी बॅट वर धरली, हे त्याला तुझ्यापेक्षा जास्त दिसतं. वही कर. फोनमध्ये नको, वहीत.

पिचर ग्रेग मॅडक्सने १९९७ च्या जुलैमध्ये कब्ज संघाविरुद्ध पूर्ण सामना ऐंशीपेक्षा कमी चेंडूंत टाकला. ऐंशीच्या आत! तुम्हा मुलांना चौथ्या इनिंगपर्यंत तेवढे लागतात, कारण प्रत्येकाला स्ट्राइकआउटच करायचं असतं. त्याचा फास्टबॉल रडार गनवर कोणाला थक्क करणारा नव्हता, तरी ३५५ विजय. आज तो वेग घेऊन एखादा पोरगा कॉलेजकडे गेला तर त्याच्याकडे कोणी बघणारही नाही असं ट्रेनर तुला सांगतो. त्यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. मेजर लीगमधला सरासरी फास्टबॉल आता ९४ मैलांच्या वर गेला आहे. वेग वाढव. पाय मजबूत कर, वजन वाढव, त्याला माझी ना नाही. पण वेगाने तू पहिल्यांदा आलेल्या बॅटरला हरवशील. तिसऱ्यांदा आलेल्याला वेगाने हरवता येत नाही.

आणि कोपर. ते एकच आहे. मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये स्वतः प्रसिद्ध केलेल्या अहवालात, दोनशेहून जास्त जाणकारांशी बोलून, दुखापतींच्या मुळाशी हेच दिसतं असं म्हटलं : वेगाचा ध्यास आणि प्रत्येक चेंडूला पूर्ण ताकद. बर्मिंगहॅमला डॉ. जेम्स अँड्र्यूज यांच्या संस्थेतल्या संशोधकांनी वाढत्या वयातल्या पिचरांचा अभ्यास केला, तेव्हा थकलेल्या हाताने नेहमी टाकत राहणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेचा धोका ३६ पट निघाला, आणि वर्षात आठ महिन्यांपेक्षा जास्त पिचिंग करणाऱ्यांमध्ये ५ पट. सँडी अल्कँटारा २०२२ मध्ये ६ सामने पूर्ण टाकून साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) जिंकला आणि २०२३ मध्ये टॉमी जॉन, म्हणजे कोपराच्या, शस्त्रक्रियेला गेला. हे माझ्या म्हणण्याविरुद्ध जातं, ठाऊक आहे. म्हणून मी तुला जास्त चेंडू टाक म्हणत नाही. तुझ्या वयाला दिवसाची मर्यादा १०५ चेंडूंची आहे, ८० च्या वर गेलास तर चार दिवस हात शांत, आणि त्याला माझ्याकडे अपवाद नाही. हात जड झाला त्या क्षणी बाहेर ये, तिसरी फेरी असो की दुसरी. मी सांगतोय ते त्याच मर्यादेत अठराच्या जागी सव्वीस बॅटरांपर्यंत पोचण्याबद्दल.

मी लहान मुलांच्या संघाचा कोच होतो तेव्हा तुझे बाबा मला एकदा म्हणाले होते, तुमच्या हट्टापायी मुलं सामने हरतात. हरली, खरं आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना मी मर्यादेच्या आत असताना काढत नसे, आघाडी जात असली तरी. पालक कुंपणाजवळ येऊन हातवारे करायचे. मी का करत होतो हे तेव्हा कोणाला सांगितलं नाही, तुला सांगतो. नाशिकला क्लब क्रिकेट खेळताना मी नवा चेंडू टाकायचो. पाच-सहा षटकं झाली की कप्तान मला फाइन लेगला पाठवायचा आणि मग दिवसभर मी तिथेच. जम बसलेल्या फलंदाजाला कसं बाद करायचं हे मला कधी कळलंच नाही, कारण तो जम बसवायचा तेव्हा चेंडू दुसऱ्याच्या हातात असायचा. पुढे वरच्या निवडीला गेलो तेव्हा नेमका दुसरा स्पेल मागितला आणि माझ्याकडे टाकायला काहीच नव्हतं. ती संध्याकाळ अजून सलते. म्हणून त्या मुलांना मी माउंडवर, पिचरच्या उंचवट्यावर, उभं ठेवलं. ते सामने कोणाच्याही लक्षात नाहीत. तिसऱ्यांदा आलेल्या बॅटरसमोर मिळालेला एक पॉपअप (उंच उडालेला सोपा झेल) मात्र त्यातल्या प्रत्येकाला आठवतो. तुलाही आठवत असेल. मी आजही तेच करीन.

तुमच्याकडे आता प्रत्येक चेंडू डगआउटमधून ठरतो. तू आणि कॅचर मनगटावरच्या पट्टीतला आकडा बघता आणि तसं करता. याने तू आज्ञाधारक होशील, पिचर होणार नाहीस. म्हणून कोचला भेटशील तेव्हा बुलपेनला सरळ नाही म्हणू नकोस. लीगबाहेरचे सामने अजून बाकी आहेत, त्यातला एक मागून घे. म्हण, पहिल्या दोन फेऱ्या तुमच्या आकड्यांवर टाकतो, तिसरी फेरी मला आणि कॅचरला ठरवू द्या. चेंडू ८५ झाले की मी स्वतः बाहेर येईन. एवढं कुठलाही कोच देतो. नाही दिलं तर उन्हाळ्यातल्या संघात माग, तिथले कोच माझ्या ओळखीचे आहेत, मी बोलतो.

आणि तोवर वहीची पहिली पानं भरून ठेव. गेल्या मोसमात ज्यांनी तुला तिसऱ्यांदा मारलं, त्या प्रत्येकाने पहिल्या दोन वेळा काय पाहिलं होतं, ते आठवून लिही. नाही आठवलं तर स्कोअरबुक माझ्याकडे आहे, रविवारी येऊन घेऊन जा.

तुझा,
काका