१२ मार्चला गाय भरवली (वळू दाखवला किंवा रेतन केलं). विण्याची तारीख कशी काढायची?

१७ डिसेंबर धरा, पण १० ते २७ डिसेंबर या काळात कधीही विईल असं समजून तयारीत राहा. गाईचा गाभणकाळ साधारण २८० दिवस. तोंडी हिशोब सोपा: भरवल्याच्या तारखेत नऊ महिने मिळवा आणि वर पाच-सहा दिवस. वशिंडाच्या जाती काही दिवस उशिरा वितात, जुळं असेल तर आठवडाभर आधी. इतर जनावरांसाठी दिवस असे:

- म्हैस: ३१०
- शेळी, मेंढी: १५० (पाच महिन्यांतून तीन दिवस वजा)
- डुक्कर: ११४
- घोडी: ३४०, पण ही वीस-वीस दिवस मागेपुढे करते
- कुत्री: ६३

कुत्रीचा हिशोब हमखास चुकतो, कारण नराचं बीज तिच्या पोटात काही दिवस जिवंत राहतं. त्यामुळे मिलनापासून मोजलं तर ५७ ते ७२ दिवस काहीही निघतं. कुत्रीचं स्वतःचं बीजांड सुटल्यापासून मोजलेले ६३ दिवस पक्के.

मात्र हे सगळं तारीख खरी असेल तरच. भरवल्यावर १८ ते २४ दिवसांत गाय पुन्हा माजावर आली असेल, तर ती उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही. नंतरच्या रेतनापासून मोजा. गाय कळपात वळूबरोबर असेल, तर गाभणतपासणीत डॉक्टरांनाच किती दिवसांची ते विचारा. विण्याच्या तारखेच्या दोन महिने आधी गाय आटवायची, म्हणजे तिचं दूध काढणं बंद करायचं असतं, म्हणून चूक महागात पडते. शेवटी शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खळगे पडले आणि सड ताठले, की वेळ जवळ आली, कॅलेंडर बाजूला ठेवा.