एट ऑफ कप्स उलटे आले, तर अर्थ कोणता धरायचा?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. पुण्यातील नोकरी सोडून नाशिकला परतावे आणि वडिलांचे दुकान हाती घ्यावे का, असे विचारून आपण टॅरोच्या, म्हणजे अठ्ठ्याहत्तर चित्रमय पत्त्यांच्या संचातून, भूत, वर्तमान आणि भविष्य या तीन जागांवर अनुक्रमे सेव्हन ऑफ पेंटॅकल्स (सात नाणी), टू ऑफ स्वोर्ड्स (दोन तलवारी) आणि उलटे, म्हणजे चित्र डोके खाली आलेले, एट ऑफ कप्स (आठ पेले) काढलेत. शेवटच्या कार्डाचा अर्थ एका ठिकाणी ‘जाऊ नका’, दुसऱ्या ठिकाणी ‘भटकंती संपवून घरी परत या’ आणि तिसऱ्या ठिकाणी ‘आनंदोत्सव’ असा सापडल्यामुळे गोंधळून आपण आणखी दोन कार्डे काढलीत. ती फाइव्ह ऑफ कप्स आणि डेथ निघाली. शिवाय रोज सकाळी एक कार्ड काढण्याच्या आपल्या परिपाठात टू ऑफ स्वोर्ड्स पंधरवड्यात दोनदा आले, याचाही आपल्याला धसका बसला आहे. मी चौदा वर्षे हे पत्ते हाताळतो आहे आणि सुरुवातीची तीन-चार वर्षे नेमका इथेच अडकत होतो, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

प्रथम हे तीन अर्थ आले कुठून, ते पाहू. टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळण्यासाठी तयार झाले. आपल्याकडे सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात एकशे वीस चित्रमय पत्ते असतात आणि मत्स्य किंवा वराह हातात आला म्हणून कोणी त्यावरून स्वतःचे भविष्य काढत नाही. टॅरोचेही सुमारे तीन शतके बहुतांशी तसेच होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये त्यांवरून भविष्य सांगण्याची पद्धत रुळली, आणि स्वतःचे आडनाव उलटे लिहून ‘एतेइया’ या नावाने वावरणाऱ्या अलिएत नावाच्या गृहस्थाने सरळ आणि उलट्या पत्त्यांच्या अर्थांच्या याद्या छापल्या. त्या काळच्या डेकमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या संचात, आठ पेल्यांच्या पत्त्यावर फक्त आठ पेले असत. 1909 साली लंडनमध्ये आर्थर एडवर्ड वेट यांच्या सांगण्यावरून पामेला कोलमन स्मिथ यांनी जो डेक रंगवला, त्यात मात्र अशा संख्येच्या पत्त्यांवरही माणसे, घरे, नद्या आणि आभाळ आले. आज आपल्या हातात बहुधा त्याच डेकची कुठली तरी आवृत्ती आहे. गंमत अशी की वेट यांनी सोबत लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकात जुन्या याद्यांतील अर्थही तसेच ठेवले, त्यामुळे पेल्यांकडे पाठ फिरवून खिन्नपणे निघालेला माणूस ज्या पत्त्यावर आहे, तो उलटा आला की ‘मोठा आनंद, मेजवानी’ असा अर्थ तिथे दिलेला आढळतो. म्हणजे आपल्याला सापडलेले तीन अर्थ ही तीन वेगळ्या काळांची पुटे आहेत. जुन्या यादीतून ‘आनंदोत्सव’ आला, चित्रातील माणूस उलट दिशेला वळला असे कल्पून ‘परत या’ आले आणि उलटे म्हणजे नकार या ढोबळ समजुतीतून ‘जाऊ नका’ आले. यांपैकी कोणतेही एक खरे ठरवण्याचा निकष कार्डात नाही.

तो निकष आपण कार्ड उलगडण्यापूर्वी ठरवायचा असतो, आणि माझ्या दृष्टीने टॅरो वाचनाचे बहुतेक सारे कसब इथेच आहे. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, त्याची रीत आठवून पाहा. गाऱ्हाणे आधी स्पष्ट शब्दांत घातले जाते, उजवी पाकळी पडली तर होकार आणि डावी पडली तर नकार हेही आधीच ठरलेले असते, आणि मगच सगळे मूर्तीकडे पाहत उभे राहतात. पाकळी पडल्यावर तिचा अर्थ काय, यावर तिथे चर्चा होत नाही. मी स्वतः कार्डे भविष्य सांगतात असे मानत नाही. ती मला माझाच प्रश्न दुसऱ्या बाजूने पाहायला लावतात, एवढेच मी अनुभवाने म्हणू शकतो. पण आपण मानत असाल तरीही हा क्रम पाळावा, कारण तो मोडला की वाचणारा आपल्याला हवा तो अर्थ उचलतो आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही.

आपल्या मांडणीत तीन गोष्टी आधी ठरायला हव्या होत्या. पहिली म्हणजे उलटी कार्डे धरायची की नाही. मी धरत नाही, पिसून झाल्यावर सगळी सरळ करून घेतो, कारण अठ्ठ्याहत्तर चित्रांत सावली आणि उजेड दोन्ही पुरेसे आहेत असे माझे मत आहे. ज्यांना ती धरायची असतील त्यांनी एकच नियम करावा, उदाहरणार्थ ‘उलटे म्हणजे तीच गोष्ट, पण अडलेली किंवा आतल्या आत चाललेली’, आणि तो निदान वर्षभर बदलू नये. दुसरी गोष्ट जागांच्या नावांची. भूत, वर्तमान, भविष्य ही नावे सोपी असली तरी ‘करावे का’ या प्रश्नाला ती जुळत नाहीत. भविष्याच्या जागेवर आलेले कार्ड गेल्यास काय होईल ते सांगते की न गेल्यास, हेच त्यात ठरत नाही. मी असतो तर ‘इथे राहण्यात मला काय धरून ठेवते’, ‘तिथे मला काय ओढते’ आणि ‘मी कशाकडे पाहायचे टाळतो आहे’ अशी नावे एका कागदावर लिहून मग पत्ते पिसले असते. तिसरी गोष्ट म्हणजे किती कार्डे काढायची तो आकडा. तो ठरला की तिथेच थांबावे. खुलाशासाठी म्हणून काढलेले जादा कार्ड क्वचितच खुलासा करते. नको असलेले उत्तर बदलून मागण्याचाच तो प्रकार असतो, आणि मीही तो पुष्कळ केला आहे.

आता चित्र पाहण्याविषयी. कार्ड उलगडल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे अर्थ आठवू नये. दिसते ते वहीत लिहावे. सेव्हन ऑफ पेंटॅकल्समध्ये एक तरुण काठीवर हनुवटी टेकून उभा आहे, सहा नाणी झुडपावर लगडली आहेत आणि एक त्याच्या पायाशी आहे. तो काम करत नाही आणि निघूनही जात नाही. टू ऑफ स्वोर्ड्समधील स्त्रीचे डोळे बांधलेले आहेत, दोन्ही हातांत तलवारी छातीवर फुलीसारख्या धरलेल्या आहेत आणि मागे समुद्र पसरला आहे. पुस्तकात याचा अर्थ ‘अनिर्णय’ असा मिळतो आणि तो चुकीचा नाही, पण चित्राकडे पाहत राहिले की हे लक्षात येते की तिला पट्टी काढायची असेल तर एक तलवार आधी खाली ठेवावी लागेल. हे मला पाठांतरातून कधीच सुचले नसते. एट ऑफ कप्समध्ये पाच पेल्यांवर तीन पेले रचलेले आहेत, वरच्या रांगेत एका पेल्याची जागा मोकळी दिसते आणि लाल वस्त्रातला माणूस रात्रीचा डोंगराच्या दिशेने निघाला आहे. पेले सांडलेले नाहीत, फुटलेले नाहीत. तरीही तो निघाला आहे.

इथे एक सावधगिरी सांगावीशी वाटते. चित्र पाहताना स्वतःच्या आठवणी येणारच, त्या याव्यात. पण त्या आपल्या आहेत याची नोंद ठेवावी. सिक्स ऑफ स्वोर्ड्समध्ये नावेत बसून पाणी ओलांडणारी स्त्री आणि मूल आहे. माझे आजोळ खाडीपलीकडे असल्याने मे महिन्यात आम्ही तरीने पलीकडे जात असू, आणि त्यामुळे हे कार्ड माझ्यासाठी कायम सुट्टीचे, आंब्यांचे कार्ड राहिले. काही वर्षांपूर्वी मावसबहिणीसाठी हे कार्ड आले तेव्हा मी उत्साहाने सुखाच्या प्रवासाबद्दल बोलू लागलो. तिने कार्ड हातात घेतले, थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, “अरे, ही बाई मान खाली घालून बसली आहे, नावेत तलवारी रोवल्या आहेत आणि तू मला सहलीचे काय सांगतोस?” त्या वेळी ती नवऱ्याचे घर सोडण्याच्या विचारात होती, हे मला नंतर कळले. तेव्हापासून दुसऱ्यासाठी कार्डे मांडली की मी बोलण्याआधी समोरच्याला विचारतो, “तुला यात काय चाललेले दिसते?” बरेच व्यावसायिक रीडर असे विचारत नाहीत, कारण त्यांना सांगण्याचे पैसे मिळतात. त्यांच्याशी माझे भांडण नाही.

टू ऑफ स्वोर्ड्स पुन्हा आल्याचा धसका मात्र सोडून द्यावा. रोज सगळे पत्ते पिसून एक कार्ड काढले, तर अकरा दिवसांत कोणते ना कोणते कार्ड दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. त्यामुळे पंधरवड्यात ते तसे आले यात नवल नाही. केल्टिक क्रॉस नावाच्या दहा कार्डांच्या मांडणीत तीन मेजर आर्काना, म्हणजे डेथसारखी स्वतंत्र नावाची मोठी कार्डे, आली की काही मंडळी नियतीची भाषा बोलू लागतात, पण अठ्ठ्याहत्तरांत बावीस मेजर असल्यावर दहांत सरासरीने जवळजवळ तीन येणारच. आकड्यांतून अर्थ काढायचा असेल तर निदान नेहमीचे किती आणि वेगळे किती, हे माहीत असावे. वहीचा उपयोग इथेही होतो. सहा महिन्यांनी जुनी पाने उलटली तेव्हा मला आढळले की माझी सर्वांत ‘अचूक’ म्हणून आठवणारी वाचने त्या दिवशी लिहिलेलीच नव्हती, आणि जी लिहिली होती ती इतकी गुळगुळीत नव्हती.

तेव्हा आपल्या पाच कार्डांपैकी शेवटची दोन डेकमध्ये परत घालावीत. डेथ पाहून दचकण्याचे कारण नाही. पांढऱ्या घोड्यावरच्या त्या सांगाड्याच्या मागे दोन बुरुजांमध्ये सूर्यही आहे. पण ते कार्ड आपण घाबरून काढले होते, त्यामुळे ते या मांडणीत मी वाचणार नाही. उरलेली तीन मी वर सुचवलेल्या नावांनी पुन्हा वाचणार नाही, कारण नावे नंतर बदलणे हीही तीच लबाडी झाली. आहेत त्या जागांवर मला एवढे दिसते: आपण लावलेले झाड वाढले आहे आणि आपण त्याच्याकडे थकून पाहता आहात, सध्या दोन्ही हात गुंतलेले आहेत आणि डोळ्यांवर पट्टी आहे, पुढच्या जागेवर निघालेला माणूस आहे, पण आपल्या उलट्या कार्डांचा नियमच ठरलेला नसल्याने तो खरोखर निघतो की नाही, हे ही मांडणी सांगू शकत नाही. यातले मधले कार्ड मला सर्वांत उपयोगाचे वाटते. आपल्या लिहिण्यात नोकरीतला पगार आहे, पुण्याचे भाडे आहे, नाशिकची हवासुद्धा आहे. पण दुकानाचा हिशेब आपण पाहिला आहे का आणि दुकान आपण चालवावे असे वडिलांना वाटते का, याबद्दल एक शब्दही नाही. नवी मांडणी त्यांच्याशी बोलणे झाल्यावर करावी, आणि त्या वेळी जागांची नावे इथे आधी लिहून पाठवलीत तर मी आनंदाने पाहीन.