पॅकेट ट्रेसरमध्ये (सिस्कोचं नेटवर्कचा सराव करायचं सॉफ्टवेअर) लॅबचं लॅन, म्हणजे आतलं नेटवर्क, बनवताना काही पीसींना १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता का मिळतो? प्रिंटर, लॅपटॉप, आयपी फोन कसे जोडायचे?

पीसीत दोष नाही. २९६० स्विचच्या पोर्टला केबल लावली की स्पॅनिंग ट्रीमुळे (डेटा स्विचमध्ये गोल फिरत राहू नये, म्हणजे लूप होऊ नये, यासाठीची व्यवस्था) तो पोर्ट जवळपास ३० सेकंद डेटा पुढे जाऊ देत नाही: १५ सेकंद लिसनिंग, १५ सेकंद लर्निंग. तोवर केबलच्या टोकाचा लाइट नारिंगी असतो. तेवढ्यात पीसीने डीएचसीपीची (आपोआप आयपी पत्ता देणारी सेवा) विनंती पाठवली तर ती सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही, आणि पीसी स्वतःच १६९.२५४ चा पत्ता लावून घेतो. लाइट हिरवा झाला की डेस्कटॉप टॅबमधल्या आयपी कॉन्फिगरेशनमध्ये एकदा स्टॅटिक (हाताने भरलेला पत्ता) करून परत डीएचसीपी निवडा. दर वेळी हे नको असेल तर पीसीच्या पोर्टवर 'स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट' ही कमांड द्या, म्हणजे पोर्ट लगेच चालू होतो. दोन स्विचना जोडणाऱ्या पोर्टवर मात्र अजिबात नको, लूप होऊ शकतो.

लाइट हिरवा असूनही पत्ता मिळत नसेल तर सर्व्हर तपासा. डीएचसीपी सेवा मुळात बंद असते, ती ऑन करा. सर्व्हरला स्वतःचा स्टॅटिक पत्ता हवाच, समजा १९२.१६८.१०.२. मग 'सर्व्हरपूल' नावाच्या तयार पूलमध्ये (वाटायच्या पत्त्यांचा साठा) सुरुवातीचा पत्ता १९२.१६८.१०.५० ठेवा, डिफॉल्ट गेटवे (राउटरचा पत्ता) भरा आणि सेव्ह दाबा. गेटवे ०.०.०.० राहिला तर पीसी आपसात बोलतात, पण राउटरपलीकडे काहीच पोहोचत नाही. ही चूक फार उशिरा लक्षात येते, कारण पत्ता तर व्यवस्थित मिळालेला दिसतो.

प्रिंटरला पूलबाहेरचा स्टॅटिक पत्ता द्या. बदलू शकणारा पत्ता प्रिंटरला कामाचा नाही.

लॅपटॉपला वायरलेस कार्ड आधीपासून नसतं. फिजिकल टॅबमध्ये पॉवर बंद करा, इथरनेट मॉड्यूल ओढून बाहेर काढा, डब्ल्यूपीसी३००एन हे वायरलेस कार्ड बसवा, पॉवर चालू करा. पॉवर चालू असताना मॉड्यूल निघत नाही.

आयपी फोन नुसता केबलने चालू होत नाही. फिजिकल टॅबमधला पॉवर अडॅप्टर त्याला ओढून लावा, नाहीतर पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज) देणारा ३५६० स्विच घ्या.

सगळं जोडल्यावर पिंग करून (समोरच्याला छोटी पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते) पाहा. चारपैकी पहिलंच पॅकेट टाइमआउट झालं तर घाबरू नका. समोरच्याचा मॅक पत्ता (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) शोधणारं एआरपी तेव्हा चालू असतं. दुसऱ्यांदा पिंग केल्यावरही पॅकेट हरवत असेल, तर सिम्युलेशन मोडमध्ये फक्त एआरपी आणि आयसीएमपीचे (पिंग ज्यातून जातं तो प्रोटोकॉल) फिल्टर ठेवून पॅकेट नेमकं कुठल्या उपकरणावर अडतं ते बघा.